कंदातून आलेली गोळी

हातातलं काम चालू ठेवा, पण कान इकडे असू द्या.

गौरी-गणपती जवळ आले की औषधाच्या दुकानात एक गोळी हमखास खपते. नाव घ्यायला आपण लाजतो. "ती पुढे ढकलायची द्या," एवढंच म्हणतो आणि दुकानदारही काही न विचारता कागदात गुंडाळून देतो. घरात सत्यनारायण असो, पुतणीचं लग्न असो, पंढरीची वारी असो, पाळीची तारीख आडवी आली की ही गोळी. मागच्या महिन्यात आमच्या केंद्रावर एका ताईंचा फोन आला. वर्षभरात तीनदा त्यांनी ती घेतली होती. त्यांनी एकच प्रश्न विचारला, "ही गोळी पोटात जाऊन करते काय, आणि ती आली कुठून?"

आम्हाला लगेच उत्तर देता आलं नाही. मग आम्ही वाचायला बसलो, आरोग्य केंद्रातल्या डॉक्टरबाईंना भेटलो, आणि एका गोळीपासून निघून थेट मेक्सिकोच्या जंगलात जाऊन पोचलो. आज तीच गोष्ट सांगतो. ती रसायनशास्त्राची आहे, म्हणून घाबरू नका. आपल्यासारख्या हजारो बायकांचीही ती गोष्ट आहे.

सुरुवात ओळखीच्या वस्तूपासून करू. युरियाचं पोतं आपल्या सगळ्यांच्या घरी येतं. युरिया मुळात माणसाच्या आणि जनावराच्या लघवीत असतो. दोनशे वर्षांपूर्वी लोक असं मानत की जिवंत शरीरात जे पदार्थ तयार होतात ते फक्त शरीरातच होऊ शकतात, कारण त्याला जीवनशक्ती लागते. १८२८ साली जर्मनीत फ्रेडरिक व्योलर नावाच्या रसायनशास्त्रज्ञानं प्रयोगशाळेच्या भांड्यात युरिया तयार केला. जनावराची किंवा माणसाची त्याला गरज पडली नाही. शरीर जे करतं ते माणसाच्या हातालाही करता येतं, हे त्या दिवसापासून दिसू लागलं.

या शास्त्राला सेंद्रिय रसायनशास्त्र म्हणतात. इथं आमचाही आधी घोळ झाला होता. सेंद्रिय म्हटलं की आपल्याला शेणखत आणि गांडूळखत आठवतं. शास्त्रज्ञांचं सेंद्रिय वेगळं. ज्या पदार्थांचा सांगाडा कार्बनचा, ते बहुतेक सगळे सेंद्रिय. म्हणजे सेंद्रिय शेतीत जो युरिया चालत नाही, तो त्यांच्या भाषेत सेंद्रियच. आणि एका पदार्थाला कार्बनची कडी जोडून किंवा काढून दुसरा पदार्थ घडवायचा, याला संश्लेषण म्हणतात. कापडाचे रंग, नायलॉनची दोरी, तापाची पॅरासिटामॉल, सगळं या कारागिरीतून आलेलं आहे. आपली गोळीसुद्धा.

आता शरीराकडे वळू. दर महिन्याला आपल्या बीजकोशातून एक बीज बाहेर पडतं. ते बाहेर पडलं की बीजकोश एक रस रक्तात सोडतो, त्याचं नाव प्रोजेस्टेरॉन. तो गर्भाशयाचं अस्तर धरून ठेवतो. गर्भ राहिला नाही तर हा रस कमी होतो, अस्तर सुटतं आणि पाळी येते. गर्भ राहिला तर हा रस वाढत जातो आणि नवं बीज बाहेर पडू देत नाही. म्हणूनच गरोदर बाईला पुन्हा दिवस जात नाहीत.

हे लक्षात आलेला एक माणूस म्हणजे ऑस्ट्रियातले लुडविग हाबरलांट. १९१९च्या सुमारास त्यांनी गाभण सशाचा बीजकोश दुसऱ्या सशिणीच्या अंगात बसवला. ती सशीण काही काळ गाभण राहिली नाही. हाच रस बाईला औषध म्हणून देता आला तर, असं त्यांच्या मनात आलं. पण रस आणायचा कुठून? १९३४ साली तो शुद्ध स्वरूपात वेगळा करता आला, तेव्हा हजारो डुकरिणींचे बीजकोश गोळा करून हाती आला तो चिमूटभरही नव्हता. सोन्याहून महाग झालेलं हे औषध खेड्यातल्या बाईपर्यंत काय पोचणार!

इथं गोष्टीत येतो रसेल मार्कर. अमेरिकेतला, स्वभावानं हट्टी रसायनशास्त्रज्ञ. त्यानं ठरवलं की प्रोजेस्टेरॉन जनावरातून काढायचंच नाही, झाडातून काढायचं. काही कंदांमध्ये डायोस्जेनिन नावाचा पदार्थ असतो. त्याचा सांगाडा प्रोजेस्टेरॉनसारखाच, चार कड्या एकमेकींना जोडलेल्या. चार खोल्यांचं घर डोळ्यांसमोर आणा. प्रोजेस्टेरॉन म्हणजे ते नेमकं घर. डायोस्जेनिन म्हणजे तेच घर, पण मागे नको तेवढी पडवी वाढवलेलं. मार्करनं ती पडवी पायरीपायरीनं पाडायची रीत शोधली. घर शिल्लक राहिलं.

आता डायोस्जेनिनचा कंद हवा. आपलं कोनफळ आणि रानातला करांदा ज्या कुळातले, त्याच कुळातला एक मोठा कंद मेक्सिकोच्या व्हेराक्रूझ भागात होतो असं मार्करच्या वाचनात आलं. १९४२ साली तो तिकडे गेला. स्पॅनिश भाषा येत नव्हती. एका छोट्या गावातल्या दुकानदारानं त्याला कंद मिळवून दिले. अमेरिकेतल्या औषध कंपन्यांनी मात्र यात पैसा घालायला नकार दिला. मेक्सिकोत असं काही होईल यावर त्यांचा विश्वासच नव्हता. शेवटी मार्करनं विद्यापीठाची नोकरी सोडली, मेक्सिको शहरात काम मांडलं आणि काही किलो प्रोजेस्टेरॉन तयार केलं. एवढं प्रोजेस्टेरॉन जगात तोवर कुणी एका जागी पाहिलं नव्हतं. १९४४ साली तिथं सिंटेक्स नावाची कंपनी उभी राहिली. वर्षभरातच भागीदारांशी भांडण होऊन मार्कर निघून गेला, पण काम चालू राहिलं आणि औषधाची किंमत झपाट्यानं खाली आली.

मैत्रिणींनो, इथं एक सावधगिरी. डायोस्जेनिन आपल्या मेथीच्या दाण्यातही थोडं असतं. म्हणून मेथीचे लाडू खाऊन किंवा करांदा खाऊन अंगात प्रोजेस्टेरॉन तयार होईल, असं कुणी सांगितलं तर ऐकू नका. ती पडवी पाडायचं काम भट्टीत आणि भांड्यातच होतं, आपल्या पोटात होत नाही. कडू करांदा तर नीट शिजवून कडूपणा काढल्याशिवाय खायचाच नसतो, हे आपल्या आज्यांना ठाऊक होतं.

कंद खणणाऱ्यांचीही आठवण ठेवू. पुढे बार्बास्को नावाचा त्याच कुळातला दुसरा कंद सापडला, त्यात डायोस्जेनिन जास्त निघायचं. मेक्सिकोतल्या गरीब शेतकरी कुटुंबांनी वर्षानुवर्षं जंगलात जाऊन तो खणला, पाठीवरून वाहिला, वाळवला आणि किलोवर विकला. हे मूळ पुढे कशासाठी जातं, हे त्यांतल्या कित्येकांना माहीत नव्हतं. मध्यस्थ ठरवील तो भाव घ्यायचा. हिरडा आणि तेंदूपत्ता गोळा करणाऱ्या आपल्या बहिणींना हे वेगळं सांगायला नको. शेवटी १९७५ साली मेक्सिकोच्या सरकारनं यासाठी स्वतःची कंपनी काढली, ती खणणाऱ्यांना बरा भाव मिळावा म्हणून. पण तोवर औषध कंपन्यांनी दुसरा कच्चा माल शोधायला सुरुवात केली होती.

आता गोळीकडे. प्रोजेस्टेरॉन स्वस्त झालं, तरी एक अडचण उरलीच. तोंडानं घेतलं की ते यकृतात जाऊन बरंचसं मोडून जायचं. म्हणून इंजेक्शन द्यावं लागे. सिंटेक्समध्ये जॉर्ज रोझेनक्रान्झ आणि कार्ल जेरासी यांच्या हाताखाली लुईस मिरामोंतेस नावाचा मेक्सिकन विद्यार्थी काम करत होता, वय सव्वीस. १५ ऑक्टोबर १९५१ रोजी त्याच्या हातून एक नवा पदार्थ तयार झाला. त्याच चार खोल्यांच्या घरातला एक कार्बन कमी केलेला, त्यामुळे जोर वाढला. आणि एका कोपऱ्यावर दोन कार्बनची छोटी कडी जोडलेली, त्यामुळे यकृतातून जाताना तो टिकला. नाव नॉरएथिस्टेरॉन.

फोन करणाऱ्या ताई, तुमच्या गोळीच्या पाकिटावर बारीक अक्षरात जे लिहिलेलं असतं ना, ते हेच. सणासाठी आपण जी गोळी घेतो ती मिरामोंतेसच्या त्या भांड्यातून आलेली आहे. ती शरीराला सांगते की प्रोजेस्टेरॉन अजून आहे, अस्तर धरून ठेव. गोळी थांबवली की दोन-तीन दिवसांत पाळी येते.

ज्यांनी हे घडवलं त्यांच्या डोळ्यांसमोर तेव्हा गर्भनिरोधक नव्हतं. पाळीचे त्रास आणि गर्भपात होण्याची भीती यांवरचं औषध ते शोधत होते. गर्भनिरोधक गोळी हवी म्हणून हट्ट धरला तो दोन बायकांनी. एक मार्गारेट सँगर. अमेरिकेत परिचारिका होती. तिची आई अठरा वेळा गरोदर राहिली, अकरा मुलं वाढवली आणि पन्नाशीच्या आसपास गेली. दुसरी कॅथरिन मॅकॉर्मिक. शास्त्र शिकलेली, श्रीमंत घरची. संशोधनाचा जवळजवळ सगळा खर्च या एकट्या बाईनं उचलला. दोघी तेव्हा सत्तरीच्या घरात होत्या.

सँगरबाईंची एक खूण आपल्या महाराष्ट्रातही आहे. १९३५च्या डिसेंबरात त्या वर्ध्याला येऊन गांधीजींना भेटल्या. बायकांना संततिनियमनाची साधनं मिळावीत असं त्यांचं म्हणणं. गांधीजींना साधनं मान्य नव्हती, नवरा-बायकोनं संयम पाळावा असं त्यांचं मत. दोघं बराच वेळ बोलले आणि आपापल्या मतावर राहिले. पण त्याच्याही आधी, १९२१ साली, मुंबईत रघुनाथ धोंडो कर्वे यांनी संततिनियमनाचं केंद्र सुरू केलं होतं. महर्षी कर्व्यांचे ते चिरंजीव. या कामापायी त्यांना प्राध्यापकाची नोकरी सोडावी लागली. १९२७ पासून ते 'समाजस्वास्थ्य' मासिक चालवत होते, त्यावर अश्लीलतेचे खटले झाले, आणि एका खटल्यात त्यांची बाजू मांडायला डॉ. बाबासाहेब आंबेडकर उभे राहिले. पत्नी मालतीबाई त्यांच्या कामात सोबत होत्या. मूल कधी आणि किती, हे बाईला ठरवता यावं, ही गोष्ट बोलायलाही तेव्हा केवढी किंमत मोजावी लागत होती, हे आपण विसरू नये. १९५२ साली भारत सरकारनं कुटुंबनियोजनाचा कार्यक्रम सुरू केला. देशाच्या सरकारनं असा कार्यक्रम हाती घेण्यात आपण जगात पहिले. गोळी मात्र अजून यायची होती.

आता जो भाग सांगायचा आहे, तो वाचताना आम्ही गप्प झालो होतो.

अमेरिकेत ग्रेगरी पिंकस आणि जॉन रॉक हे दोघे गोळीचं काम बघत होते. मिरामोंतेसच्या पदार्थाची जवळची बहीण म्हणावी अशा दुसऱ्या कंपनीच्या औषधाची त्यांनी निवड केली. मोठ्या चाचणीसाठी बायका हव्या होत्या. त्यांच्या राज्यात गर्भनिरोधकावर कायद्यानं बंदी होती. म्हणून १९५६ साली ते प्युर्तो रिको या बेटावर गेले. तिथल्या नव्या वसाहतीतल्या गरीब बायकांना गोळ्या दिल्या. बायका आनंदानं घ्यायला तयार झाल्या, कारण एकामागून एक बाळंतपणांनी त्या थकल्या होत्या. यामुळे दिवस राहत नाहीत, एवढं त्यांना सांगितलं होतं. हे औषध अजून चाचणीत आहे आणि चाचणी तुमच्यावर चालू आहे, हे सांगितलं नव्हतं.

एका गोळीत १० मिलिग्रॅम औषध होतं. तिथल्या कामाची जबाबदारी एड्रिस राइस-रे या डॉक्टरबाईंवर होती. त्यांनी प्रामाणिकपणे लिहून कळवलं की शंभरातल्या सतरा बायकांना मळमळ, चक्कर, डोकेदुखी, उलटी, पोटदुखी असे त्रास होत आहेत. गोळी दिवस राहू देत नाही हे खरं, पण त्रास फार आहेत, सरसकट बायकांना देण्यासारखी ती नाही. वरच्या साहेबांनी काय मानलं? बायकांच्या मनाचे खेळ आहेत. चाचणीच्या काळात तीन बायका मरण पावल्या. त्या कशानं गेल्या हे कधीच कळलं नाही, कारण त्यांचं शवविच्छेदनच झालं नाही. १९६० साली अमेरिकेनं गर्भनिरोधक म्हणून गोळीला परवानगी दिली.

"मनाचे खेळ आहेत." मैत्रिणींनो, हे वाक्य आपल्यापैकी किती जणींनी ऐकलंय? कंबर दुखते म्हटलं की कामाचा कंटाळा. अंगावरून जास्त जातं म्हटलं की सगळ्यांनाच जातं. गोळीनं गरगरतं म्हटलं की आमच्या वेळी नव्हतं बाई असं काही.

पुढे त्या गोळीमुळे काही बायकांच्या पायात, फुप्फुसात रक्ताच्या गुठळ्या होतात असं दिसून आलं. १९६९ साली बार्बरा सीमन या पत्रकार बाईनं यावर पुस्तक लिहिलं. १९७० साली अमेरिकेच्या संसदेत गोळीच्या धोक्यांवर सुनावणी बसली. डॉक्टर आणि शास्त्रज्ञ बोलत होते. गोळी घेणाऱ्या एकाही बाईला साक्षीला बोलावलं नव्हतं. तेव्हा ॲलिस वुल्फसन आणि तिच्या गटातल्या बायका प्रेक्षकांत उठून उभ्या राहिल्या आणि मोठ्यानं प्रश्न विचारू लागल्या. सुनावणी थांबवावी लागली. वर्तमानपत्रांत गाजलं. त्यातून काय मिळालं? गोळीच्या पाकिटात बाईसाठी माहितीचा कागद घालणं तिथं सक्तीचं झालं. आपण उघडल्याबरोबर जो कागद टाकून देतो, त्यासाठी बायकांना सभा बंद पाडावी लागली होती.

औषधाचं प्रमाणही पुढे उतरत गेलं. त्या पहिल्या गोळीत जेवढं इस्ट्रोजेन होतं, त्याच्या साधारण पाचवा हिस्सा आज आपल्या आरोग्य केंद्रातल्या 'माला-एन'मध्ये असतो, ०.०३ मिलिग्रॅम. २१ गोळ्या औषधाच्या आणि ७ गोळ्या लोहाच्या. म्हणजे आजची गोळी ती पहिली गोळी नव्हे, आणि उगाच भीती धरण्याचं कारण नाही. पण ती सौम्य झाली यात रसायनशास्त्रज्ञांच्या कष्टांइतकाच तक्रार करणाऱ्या बायकांचाही वाटा आहे.

आता आपल्या देशात येऊ. १९५१ साली लखनौला गोमतीकाठच्या छत्तर मंझिल या जुन्या राजवाड्यात केंद्रीय औषध संशोधन संस्था सुरू झाली. नित्या आनंद नावाचे तरुण रसायनशास्त्रज्ञ तिथं पहिल्या वर्षापासून होते. फाळणीत पंजाबातून आलेलं त्यांचं कुटुंब. पुढे ते त्या संस्थेचे संचालक झाले आणि २०२४ साली, नव्याण्णव वर्षांचे होऊन गेले. रोजची गोळी विसरली जाते, आणि हार्मोनच्या गोळ्यांचे त्रास होतात. मग असं काही घडवता येईल का जे हार्मोन नसेल आणि रोज घ्यावं लागणार नाही? या शोधातून त्यांच्या चमूनं सेंटक्रोमान हा पदार्थ तयार केला. यात ते चार खोल्यांचं घर नाही, सांगाडाच वेगळा. संस्थेच्या नावातला 'सेंट्रल' आणि रसायनाचा 'क्रोमान', असं मिळून नाव पडलं.

ही गोळी बीज बाहेर पडणं थांबवत नाही. शरीरातलं इस्ट्रोजेन गर्भाशयाशी जे बोलतं, ते ती गर्भाशयाला ऐकू देत नाही. त्यामुळे गर्भ रुजायला लागते तशी जमीन तयार होत नाही. आणि शरीरातून ती हळूहळू जाते, निम्मी जायलाच साधारण आठवडा लागतो. म्हणून ती आठवड्यानं घेतली तरी चालते. आधी जनावरांवर, मग माणसांवर, अशा चाचण्यांत वीसहून अधिक वर्षं गेली. १९९१ साली ती 'सहेली' नावानं बाजारात आली. २०१६-१७ पासून सरकारी कार्यक्रमात 'छाया' नावानं मिळते. आशाताईंच्या पिशवीतली ती छाया हीच. पाळीच्या पहिल्या दिवशी सुरू करायची, पहिले तीन महिने आठवड्यातून ठरलेल्या दोन दिवशी, नंतर आठवड्यातून एकदा. अंगावर पाजणाऱ्या आईलाही ती चालते. काही जणींची पाळी लांबते, विशेषतः सुरुवातीला. कावीळ किंवा यकृताचा आजार, बीजकोशात गाठी, क्षयरोग, मूत्रपिंडाचा आजार असेल तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय घ्यायची नाही.

लखनौचं काम अभिमानाचं आहे. पण आपल्याच देशातली दुसरी एक गोष्टही सांगायला हवी. मिरामोंतेसच्या नॉरएथिस्टेरॉनला एक लांब शेपूट जोडलं की ते शरीरात दोन महिने टिकतं. त्याचं इंजेक्शन झालं, नेट-एन. १९८५ साली हैदराबादजवळच्या पाटणचेरू इथल्या प्राथमिक आरोग्य केंद्रात या इंजेक्शनच्या चाचणीसाठी खेड्यांतल्या बायका गोळा केल्या होत्या. मूल न होण्याची सुई एवढंच त्यांना ठाऊक. ही चाचणी आहे, त्रास काय होऊ शकतात, हे सांगितलेलं नव्हतं. हैदराबादच्या स्त्री शक्ती संघटनेच्या कार्यकर्त्या तिथं पोचल्या आणि त्यांनी बायकांना ते समजावून सांगितलं. कळल्यावर बऱ्याच जणी उठून घरी गेल्या. पुढच्याच वर्षी त्या संघटनेनं इतरांसोबत सर्वोच्च न्यायालयात दाद मागितली.

प्युर्तो रिको आणि पाटणचेरू यांच्यात जवळजवळ तीस वर्षांचं अंतर. जमीन वेगळी, भाषा वेगळी. दोन्हीकडे औषध शोधणारे हुशार होते आणि बायकांना औषधाची गरजही होती. राहिलं एवढंच, की जिच्या अंगात ते जाणार तिला कुणी विचारलं नाही.

आज नियम बदलले आहेत. २०१९च्या नव्या नियमांप्रमाणे कुणावरही औषधाची चाचणी करायची तर तिच्या भाषेत समजावून लेखी संमती घ्यावी लागते. वाचता येत नसेल तर त्रयस्थ साक्षीदारासमोर. आणि बाईला मधूनच "मला नको" म्हणून बाहेर पडण्याचा हक्क आहे. उद्या गावात कुणी नवी सुई, नवी गोळी घेऊन आलं, तर ही चाचणी आहे का, असं विचारणं हा उद्धटपणा नव्हे.

फोन करणाऱ्या ताईंच्या प्रश्नाकडे परत येतो. ताई, पाळी पुढे ढकलायच्या एका गोळीत ५ मिलिग्रॅम नॉरएथिस्टेरॉन असतं आणि ती बहुधा दिवसातून तीनदा घ्यायला सांगतात. हाच पदार्थ गर्भनिरोधक म्हणून रोज घेतात, तेव्हा एका गोळीत ०.३५ मिलिग्रॅम असतो. म्हणजे सणाची एकच गोळी तिच्या चौदापट. अधूनमधून, डॉक्टरांना विचारून घेतली तर बहुतेकींना त्रास होत नाही. पण पायात किंवा फुप्फुसात कधी गुठळी झाली असेल, यकृताचा आजार असेल, दिवस गेल्याची शंका असेल, अंगावर पाजत असाल, तर दुकानातून परस्पर आणू नका. आणि हेही लक्षात ठेवा की अशी चार दिवस घेतलेली गोळी मूल थांबवत नाही.

आमच्या गटात यावर वाद झाला. एक जण म्हणाली, "गोळीला दोष कशाला? पाळीत गौरीला हात लावला तर गौर रागावते का, हे आधी विचारा." दुसरी म्हणाली, "ते बोलायला सोपं, सासूबाईंसमोर कोण उभं राहणार?" तिसरीनं विचारलं की पुरुषांसाठी गोळी आजही बाजारात नाही, सगळं आपल्याच पोटात का? तिन्ही प्रश्न खरे आहेत. एका रेडिओच्या भाषणात ते सुटणार नाहीत. तुम्ही तुमच्या गटाच्या बैठकीत, हप्ते गोळा करून झाले की, घ्या बोलायला.

एवढं मात्र आम्ही आमच्यापुरतं ठरवलंय. कुठलीही गोळी हातात आली की पाकिटावरचं औषधाचं खरं नाव वाचायचं, येत नसेल तर शाळेतल्या लेकीकडून वाचून घ्यायचं. ही काय करते, कुणी घेऊ नये, त्रास झाला तर कुणाकडे जायचं, हे आशाताईंना नाहीतर डॉक्टरांना विचारायचं. आणि त्रास झाला तर तो सांगायचा. मनाचे खेळ म्हणून कुणी उडवलं तरी पुन्हा सांगायचा. प्युर्तो रिकोतल्या डॉक्टरबाईंनी ते लिहून ठेवलं, म्हणून आज आपल्याला कळलं.

ताईंचा परत फोन आला होता. यंदा गौरी आणि पाळी एकाच आठवड्यात येत आहेत. काय करायचं ते अजून ठरलेलं नाही, पण दुकानात जाण्याआधी आरोग्य केंद्रात जाऊन येते, असं म्हणाल्या. तिथं काय झालं ते पुढच्या बुधवारी त्यांच्याच तोंडून ऐकू. तोवर रजा घेतो.